कोकणातला पखवाजवादक दुसऱ्याचं वाद्य हातात का घेत नाही?

डबलबारीचा सामना ठरला की गावागावांत पोस्टर लागतात. दोन बुवांचे फोटो, मोठ्या अक्षरात नावं आणि त्याखाली पखवाजवादकांची नावं. या नावांमागं बऱ्याचदा 'मृदंगमणी' अशी पदवीही असते. सामन्याच्या रात्री स्टेज एकच असतं, साउंड सिस्टीम एकच असते, समोरचे रसिकही तेच असतात. पखवाज मात्र दोन असतात. समोरच्या बारीतला पखवाज कितीही सुरेल वाजत असला तरी दुसरा वादक स्वतःच्या गवसणीतून स्वतःचाच पखवाज काढतो. तोच पखवाज, जो त्यानं एसटीत मांडीवर किंवा कोकण रेल्वेच्या गर्दीत सीटखाली सांभाळून आणलेला असतो.

रत्नागिरी जिल्ह्यात हे चित्र वर्षभर वेगवेगळ्या रूपात दिसतं. गणपतीत जाखडीचा फेर धरला जातो तेव्हा मधे बसलेल्या ढोलकीवाल्याची ढोलकी ठरलेली असते. नमन-खेळ्यांत मृदंग ठरलेला असतो. वाडीतल्या भजनी मंडळात चार पोरं पखवाज शिकलेली असली तरी एखाद्या वाद्यावर एखाद्याचाच हात बसलेला असतो, आणि इतरांनाही ते माहीत असतं.

बाहेरच्या माणसाला यात थोडा नखरा वाटतो. वाद्य ते वाद्य, सुरात असलं की झालं, असं म्हणता येईल. पण जगभरातले तालवादक असंच वागतात. रोलिंग स्टोन्सचे ड्रमर चार्ली वॉट्स जगातला कोणताही नवा ड्रमसेट घेऊ शकत होते, तरी कित्येक वर्षं ते १९५० च्या दशकातल्या जुन्या ग्रेच सेटवरच वाजवत राहिले. मग ही निष्ठा नेमकी कशाशी असते? कंपनीशी, लाकडाशी, आवाजाशी, की नुसत्या सवयीशी?

सुरुवात कधीकधी रंगावरून होते

या विषयात सगळ्यात जास्त सांगितला जाणारा किस्सा बीटल्सच्या रिंगो स्टारचा आहे. १९६३ मध्ये लंडनमधल्या ड्रम सिटी या दुकानात तो नवा सेट घ्यायला गेला आणि त्याची नजर काळ्या-करड्या शिंपल्यासारख्या चमकणाऱ्या एका फिनिशवर पडली. तो सेट लुडविग या अमेरिकन कंपनीचा होता. रंग आवडला म्हणून सेट घेतला आणि पुढं आयुष्यभर रिंगो लुडविगशी जोडलेला राहिला. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकेत एड सलिव्हनच्या टीव्ही शोमध्ये वाजवत होते, तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोक तो कार्यक्रम बघत होते. सगळ्यांना ड्रमवरचं लुडविगचं नाव दिसलं. त्यानंतर कंपनीला मागणी पुरवता येईना.

म्हणजे निवड करताना ड्रमर नेहमी आवाजाचाच विचार करतो असं नाही. रंग, आवडता कलाकार, मित्राचा सल्ला, खिशातले पैसे यातलं काहीही कारण पुरतं. पण एकदा निवडलेल्या वाद्याबरोबर टिकून राहायला वेगळी कारणं लागतात.

ती कारणं समजून घ्यायला कोकणातला पखवाज जास्त उपयोगी आहे. कारण पखवाजावर ठळक अक्षरात कंपनीचं नाव रंगवलेलं नसतं, आणि ड्रम कंपन्यांसारखा करार करून कलाकाराला फुकट सेट देणारंही इथं कुणी नसतं. तरीही निष्ठा आहे, म्हणजे तिचं मूळ जाहिरातीत नाही.

एकाच कारागिराचे दोन पखवाजही सारखे नसतात

कारखान्यातले एकाच मॉडेलचे दोन ड्रम जवळजवळ सारखे निघतात. पखवाजाचं तसं नाही, आणि त्याचं कारण त्याच्या बांधणीत आहे.

पखवाजाचं खोड एकाच ओंडक्यातून आतून पोखरून काढतात. त्यासाठी शिसम, खैर यांसारखं जड लाकूड चांगलं मानतात. दक्षिणेतल्या मृदंगमसाठी फणसाचं लाकूड वापरतात. प्रत्येक ओंडक्याची घनता वेगळी, रेषा वेगळ्या, आतली पोकळी हातानं कोरलेली. मग दोन्ही तोंडांवर चामड्याची पानं चढतात. ती गजऱ्यात गुंफलेली असतात आणि चामड्याच्या वादीनं एकमेकांना ओढून धरलेली असतात. वादीखाली लाकडी गट्टे सरकवून ताण कमी-जास्त करतात. उजव्या पानावर मधोमध काळी शाई असते. डाव्या पानावर वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, त्यामुळं तिकडून तो घुमणारा खर्ज मिळतो.

यातली शाई हा सगळ्यात नाजूक भाग. लोखंडाची बारीक भुकटी आणि खळ यांचं हे मिश्रण एकदम थापत नाहीत. एक पातळ थर लावायचा, दगडानं घोटायचा, सुकू द्यायचा, मग पुढचा थर. प्रत्येक थराचा घेर आधीच्यापेक्षा किंचित लहान. घोटता घोटता शाईत केसाएवढ्या भेगा पडतात, आणि त्या पडाव्याच लागतात. कारण त्यांच्यामुळंच शाई चामड्याबरोबर लवते. एकसंध कडक चकती असती तर पान नीट थरथरलंच नसतं.

या काळ्या ठिपक्याचं गणित शोधणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे. प्रकाशाच्या विकिरणावरच्या संशोधनासाठी १९३० मध्ये नोबेल मिळवणारे सी. व्ही. रामन यांनी त्याआधीच, १९२० मध्ये, शिवकाली कुमार यांच्यासोबत 'नेचर' या नियतकालिकात भारतीय तालवाद्यांवर लेख लिहिला होता. पुढं १९३४ मध्ये त्यांनी या विषयावर आणखी सविस्तर लिहिलं.

त्यांचा मुद्दा सोपा करून असा सांगता येईल. साध्या ताणलेल्या पानावर थाप मारली की एकाच वेळी अनेक कंपनं उठतात, आणि त्यांचं एकमेकांशी जमत नाही. मूळ स्वर १ धरला तर वरची कंपनं साधारण १.५९, २.१४, २.३० अशा आडनिड्या पटीत येतात. म्हणून साध्या ढोलाचा आवाज दणदणीत असतो, पण त्यातून एक ठरावीक सूर पकडता येत नाही. मधोमध शाईचं वजन आलं की हीच कंपनं १, २, ३, ४, ५ अशा पूर्ण पटींच्या जवळ येऊन बसतात. तारेच्या वाद्यात होतं तसंच. म्हणून पखवाज, तबला, मृदंगम सुरात लावता येतात.

आता यातली अडचण बघा. शाई थोडी जाड झाली, घेर किंचित चुकला, मध्य जरासा सरकला, तर हे गणित बिघडतं. आणि शाई लावली जाते ती डोळ्यांनी, बोटांनी आणि कानांनी. त्यामुळं एकाच कारागिरानं एकाच आठवड्यात केलेली दोन पानंही जुळी नसतात. वादकाला एकदा मनासारखं पान मिळालं तर तसंच दुसरं मिळेल याची खात्री नसते. वाद्य न सोडण्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण: रत्नागिरीची हवा

पखवाजाचं पान म्हणजे कातडं, आणि कातडं हवेतला ओलावा पितं. ओलावा वाढला की ते सैल पडतं आणि सूर खाली येतो. वादकांच्या भाषेत 'वाद्य उतरतं'. हवा कोरडी झाली की पान आवळतं आणि वाद्य चढतं. लाकूड आणि वादीही आपापल्या परीनं ओल धरतात.

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आणि भजनाचा, जाखडीचा सगळ्यात मोठा हंगाम असतो भाद्रपदात, म्हणजे घराच्या भिंतीही ओल धरून असतात तेव्हा. वाद्याची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच ते सगळ्यात जास्त दगा देऊ शकतं.

मग वादक काय करतो? पखवाज बल्बच्या उबेला ठेवतो. ऊन पडलं तर थोडा वेळ उन्हात ठेवतो, पण जास्त नाही, कारण पान तडकतं आणि शाई उडते. गट्टे ठोकून सूर वर आणतो. कणीक थोडी कमी लावतो. स्टेजवरच्या दिव्यांनी कणीक सुकायला लागली की बोटानं पाणी लावतो.

यातली प्रत्येक गोष्ट 'किती' करायची, हे प्रत्येक वाद्याचं वेगळं असतं. एखादा पखवाज पावसाळ्यात अर्धा सूर उतरतो आणि तिथंच थांबतो. दुसरा तासाभरात दोनदा लावावा लागतो. एखाद्याचा एकच कोपरा दर वेळी ढिला पडतो. हे कळायला एक पावसाळा पुरत नाही. पाच-सहा गणपती एकत्र काढल्यावर वादकाला वाद्याचा स्वभाव कळतो. समोर बुवांचा गजर चढत्या लयीत गेलेला असताना वाद्य उतरलं, तर हातोडी नेमकी कुठं मारायची हे ज्याला न बघता माहीत असतं, तो कुणाचं तरी नवंकोरं वाद्य घेऊन स्टेजवर बसण्याचा जुगार खेळणार नाही.

शिमग्याची गोष्ट वेगळी. फाल्गुनात हवा त्या मानानं कोरडी असते आणि पालखी नाचवताना वाजणाऱ्या ढोलाला शाई नसते. तिथं सुरापेक्षा दणका महत्त्वाचा. तो ढोल बहुतेक वेळा गावाचा किंवा वाडीचा असतो, आणि हात दुखले की काठी दुसऱ्याच्या हातात जाते. त्यामुळं तिथं एका माणसाची एका ढोलाशी निष्ठा फारशी दिसत नाही. वाद्य जितकं सुराला नाजूक, तितकी निष्ठा घट्ट, असं म्हणायला हरकत नाही.

तिसरं कारण: बोटांना जागा पाठ असतात

पानाच्या कडेची पट्टी म्हणजे चाट, मधे शाई, आणि या दोन्हींमधली मोकळी जागा म्हणजे मैदान किंवा लव. कुठला बोल कुठं वाजतो हे ठरलेलं असतं. 'ना' चाटेवर, दुसरे बोल मैदानावर किंवा शाईवर. दुगुनीत, चौगुनीत वाजवताना वादक हाताकडं बघत नाही. बोटं अंतर लक्षात ठेवून पडतात.

वाद्य बदललं की ही अंतरं बदलतात. तोंड पाव इंचानं मोठं असेल, चाट जरा रुंद असेल, खोडाची लांबी जास्त असल्यामुळं डावा हात थोडा लांब जात असेल. पान कडक असेल तर बोट लवकर उसळतं, मऊ असेल तर किंचित रेंगाळतं. विलंबित लयीत हे जाणवणारही नाही. पण बारी रंगात आली की याच फरकानं 'किटतक' स्वच्छ निघायचं थांबतं.

नवीन चप्पल चावते तसंच हे. सवयीनं वादक नव्या वाद्यावरही बसतो, पण त्यासाठी दोन-तीन महिने रियाज लागतो. आणि सामना उद्यावर आलेला असतो.

यात पट्टीचाही मुद्दा आहे. उजव्या पानाला ठरावीक मर्यादेतच चढवता-उतरवता येतं. काळी एकसाठी बांधलेलं पान काळी चारपर्यंत ओढलं तर फाटेल किंवा आवाज पातळ होईल. म्हणून वादक आपल्या बुवांच्या पट्टीला जुळणारं वाद्य जवळ ठेवतो. बुवा आणि पखवाजवादक यांची जोडी वर्षानुवर्षं टिकते, त्यात वाद्यही तिसरा जोडीदार असतो. दुसऱ्याचा पखवाज चालत नाही याचं कारण कधीकधी इतकं साधं असतं की तो दुसऱ्या बुवांच्या गळ्यासाठी बांधलेला असतो.

पण हा मनाचा खेळ तर नाही ना?

शंका योग्य आहे, आणि संगीतातल्या दुसऱ्या एका वाद्याबाबत शास्त्रज्ञांनी ती तपासूनही बघितली आहे.

इटलीतल्या स्ट्राडिवरीनं १७ व्या-१८ व्या शतकात बनवलेल्या व्हायोलिनना आज कोट्यवधींची किंमत येते. त्यांचा आवाज नव्या व्हायोलिनला येणारच नाही, असं मानलं जातं. फ्रान्सच्या संशोधक क्लाउडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्णात वादकांना जुनी आणि नवी व्हायोलिन दिली, पण ती ओळखू येऊ नयेत अशी सोय केली. या प्रयोगांचे निष्कर्ष २०१२ आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. वादकांना जुनं कोणतं आणि नवं कोणतं हे खात्रीनं सांगता आलं नाही. अनेकांनी नव्या व्हायोलिनला पसंती दिली.

म्हणजे 'जुनं तेच सोनं' हा समज नेहमी खरा नसतो. आजोबांचा पखवाज म्हणून त्याचा आवाज गोड लागणं यात आठवणींचाही वाटा असतो, हे मान्य करायला हवं.

पण या प्रयोगातली एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तिथं प्रश्न होता आवाज ओळखण्याचा. पखवाजवादकाची निष्ठा फक्त आवाजावर उभी नाही. भर पावसात वाद्य कसं वागेल याचा अंदाज, बोटांच्या पाठ झालेल्या जागा, बुवांची पट्टी हे सगळं त्यात येतं. शिवाय व्हायोलिन तीनशे वर्षं टिकतं. पखवाजाचं पान मात्र टिकत नाही. वाजवून वाजवून ते फाटतं, शाई उडते आणि नवीन पान चढवावं लागतं.

इथं गोष्ट रंजक होते. पान बदललं, वादी बदलली, गट्टे बदलले, तर उरलं काय? फक्त खोड. मग वादक ज्याला 'माझा पखवाज' म्हणतो, तो नेमका कोण?

निष्ठा वाद्याशी कमी, कारागिराशी जास्त

याचं उत्तर वादकाच्या वागण्यात सापडतं. पान फाटलं की तो वाटेल त्या दुकानात जात नाही. आधी ज्याच्याकडून पान चढवलं होतं त्याच्याकडेच जातो, मग तो मुंबईत असो, पुण्यात असो की घाटावर. कारण त्या कारागिराला ते खोड माहीत असतं. कुठल्या बाजूला आत भेग आहे, याला किती जाड पान सोसतं, या वादकाचा हात जड आहे की हलका, हे त्याला सांगावं लागत नाही.

मोठ्या कलाकारांचंही हेच. उस्ताद झाकीर हुसेन यांच्या तबल्याचं कौतुक जगभर झालं. त्यांचे तबले दोन दशकांहून अधिक काळ हरिदास व्हटकर हे कारागीर बनवत होते. व्हटकर मूळचे मिरजेचे, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम, नंतर मुंबईत स्थायिक झालेले. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीर हुसेन गेले, तेव्हा बातम्यांमधून अनेकांना हे नाव पहिल्यांदा कळलं.

दक्षिणेत पालघाट मणी अय्यर हे मृदंगमचं फार मोठं नाव. त्यांच्या मृदंगममागं तंजावरचे कारागीर परलांदू होते. गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये 'सेबास्टियन अँड सन्स' हे पुस्तक मृदंगम बनवणाऱ्या कुटुंबांवरच लिहिलं. ही कुटुंबं बहुतेक दलित ख्रिस्ती. ज्या कातड्यावर वाजणारा सूर देवळात, सभेत पवित्र मानला गेला, ते कातडं कमावणाऱ्या आणि बांधणाऱ्या हातांना मात्र बरोबरीची जागा मिळाली नाही, हे त्या पुस्तकानं उघडपणे मांडलं.

महाराष्ट्रातही चित्र फार वेगळं नाही. चामड्याचं काम ठरावीक जातींच्या वाट्याला आलं आणि त्याबरोबर अवहेलनाही आली. भजनाच्या पोस्टरवर बुवांचं नाव असतं, मृदंगमणींचं असतं, साउंडवाल्याचंही असतं. पान चढवणाऱ्याचं नाव शोधून सापडत नाही. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही आनंदाची गोष्ट आहे. शाई घोटणाऱ्यांच्या कौशल्याची अशी दखल अजून फारशी घेतली गेलेली नाही.

मग फायबरचं पान का नको?

कातडं पावसात उतरतं हा त्रास फक्त कोकणाचा नाही. पाश्चात्त्य ड्रमवरही १९५० च्या दशकापर्यंत वासराचं कातडं असायचं आणि तिकडचे ड्रमरही दमट हवेला वैतागलेले असायचे. १९५६-५७ च्या सुमारास अमेरिकेत चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी पॉलिस्टरच्या फिल्मची पानं बाजारात आणली. रेमोनं आपल्या पानांना नाव दिलं 'वेदर किंग', म्हणजे हवामानाचा राजा. काही वर्षांत बहुतेक ड्रमसेटवरून कातडं गेलं.

आपल्याकडं ढोल-ताशा पथकांमध्ये फायबरची पानं आता रुळली आहेत. ढोलकीला वादीऐवजी नट-बोल्ट आले, त्यामुळं पान्यानं दोन मिनिटांत सूर लावता येतो. १९८५ मध्ये रोलँड कंपनीनं आणलेलं ऑक्टापॅड ऑर्केस्ट्रातून फिरत फिरत जाखडी आणि नमनाच्या स्टेजवरही पोचलं.

यात वाईट काही नाही. भर पावसात कार्यक्रम करणाऱ्या मंडळाला नट-बोल्टची ढोलकी परवडते आणि सोयीची पडते. कधीकधी तर बदल गरजेचाच असतो. गोव्यातलं घुमट हे मातीचं वाद्य पूर्वी घोरपडीच्या कातड्यानं मढवायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला संरक्षण मिळालं, आणि आता शेळीचं कातडं वापरतात. वाद्य संपलं नाही. उलट २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून घोषित केलं.

पखवाजाची अडचण शाईची आहे. पॉलिस्टरवर शाई बसवणं आणि तिला कातड्यासारखं लवायला लावणं अवघड आहे. तसे प्रयत्न होतात, पण बैठकीत आणि भजनात अजून कातड्याचंच पान चालतं. म्हणजे पखवाज हवा असेल तर शाई लावणारा माणूसही हवा.

आणि खरा धोका तिथंच आहे. एका पानामागं अनेक तासांची मेहनत असते, हातात येणारी रक्कम त्या मानानं कमी आणि मानही कमी. अशा कामात पुढची पिढी का थांबेल? नवीन पखवाज ऑनलाइन मागवता येतो, दोन-तीन दिवसांत घरी येतो. पण पहिल्याच भाद्रपदात त्याची शाई उडाली तर तो कुणाकडं न्यायचा, याचं उत्तर ऑर्डरच्या पावतीवर नसतं.

पहिला पखवाज घेताना

वाडीतलं एखादं पोर रील बघून पखवाज शिकायला लागलं असेल, तर जाणते वादक साधारण या गोष्टी बघायला सांगतात.

आधी पट्टी ठरवा. कुणाच्या गळ्याला साथ करायची आहे त्यावरून उजव्या तोंडाचं माप ठरतं.

खोड आतून बघा. भेगा, लांबी भरून बुजवलेली जागा, एकीकडं जाड आणि एकीकडं पातळ कोरलेली भिंत हे सगळं पान चढवल्यावर झाकलं जातं. शक्य असेल तर पान चढवण्याआधीच खोड निवडा.

पानावर चारी बाजूंनी थाप मारून बघा. सगळीकडं सूर एकच लागला पाहिजे. शाई गुळगुळीत घोटलेली आणि बरोबर मधे असली पाहिजे.

आणि विकणाऱ्याला शेवटचा प्रश्न विचारा, पान फाटलं तर चढवून कोण देणार? ज्याच्याकडं याचं उत्तर 'मीच' असं असेल, त्याच्याकडून घेतलेलं वाद्य थोडं महाग पडलं तरी स्वस्तच समजा.

शेवटी

रिंगोनं रंग बघून सेट घेतला. कोकणातल्या पोराला पहिला पखवाज बहुधा काकानं दिलेला असतो किंवा मंडळाच्या माळ्यावर सापडलेला असतो. सुरुवात अशीच होते. पुढं त्या वाद्याबरोबर पावसाळे निघतात, बोटं जागा ओळखायला लागतात, एक कारागीर ओळखीचा होतो. मग कुणी कितीही चांगला पखवाज पुढं केला तरी हात आपल्याच गवसणीकडं जातो.

यंदा गणपतीत डबलबारी ऐकायला गेलात तर दोन बाऱ्यांच्या मधल्या वेळात पखवाजवादकाकडं लक्ष द्या. तो मान खाली घालून, कान पानाशी नेऊन हातोडीनं हळूच ठोकत असेल. त्याला वेळ असेल तर जाऊन विचारा, "दादा, हे पान कुणाकडून चढवलंत?" तो नाव सांगेल, गाव सांगेल, आणि बहुतेक तिथं कसं जायचं तेही सांगेल. पोस्टरवर न आलेलं ते नाव निदान तुमच्या कानावर तरी पडेल.